गाडीतल्या रेडिओची खरखर

गाडीत नवा टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घेतला, की दुकानातून निघण्याआधी आपण काय काय तपासतो? गाणी वाजतात का, फोन जोडला जातो का, मागचा कॅमेरा दिसतो का. रेडिओ लावून बघायचं सहसा कुणाच्या मनातही येत नाही. मग दोन-चार दिवसांनी कळतं, की पूर्वी स्वच्छ लागणाऱ्या स्टेशनवर आता नुसती खरखर आहे. दुकानदाराला विचारावं, तर तो हसून म्हणतो, ''आजकल रेडियो सुनता कौन है?''

आमच्या जबलपूरच्या घरात ऐकणारे आहेत. माझे सासरे खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण बोलणं अजून अडखळतं. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी मी त्यांना नेपियर टाउनला फिजिओथेरपीसाठी नेते. परतताना रांझीपर्यंत विविध भारतीवर 'जयमाला' चालू असते. फौजी भावांच्या फर्माइशीचं गाणं सुरू झालं, की बाबा एकेक शब्द जुळवत गायकाचं, संगीतकाराचं नाव सांगतात. दिवसभरात ते सगळ्यात जास्त बोलतात ते याच अर्ध्या तासात.

मोबाइलवर गाणी लावून पाहिली, पण ती यादी आपणच केलेली. पुढचं गाणं कोणतं हे ठाऊक असलं, की ओळखण्यातली गंमतच जाते. बाबा खिडकीबाहेर बघत गप्प बसायचे. त्यामुळे रेडिओ दुरुस्त होणं आमच्यासाठी गरजेचं होतं.

रांझीतल्या आमच्या ओळखीच्या कार इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडला आणि टेप गुंडाळलेली एक वायर बाहेर काढली. ''भाभीजी, ये नीला तार तो जोड़ा ही नहीं।''

ही निळी वायर काय करते, ते तुम्हीही समजून घ्या. एफएमची लहर साधारण 3 मीटर लांबीची असते. ती नीट पकडायला तिच्या पावपट, म्हणजे 75 सेंटिमीटरच्या आसपास अँटेना लागतो. जुन्या गाड्यांवर तशी लांब काडी असायची. आता छपरावर बोटभर काडी किंवा माशाच्या पंखासारखा तुकडा असतो. लांबीची उणीव भरून काढायला त्याच्याजवळ एक छोटा बूस्टर बसवतात आणि त्याला वीज लागते. कंपनीचा स्टिरिओ ती वीज आपोआप पुरवतो. बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंत त्यासाठी निळी वायर असते. ती मोकळी राहिली, की बूस्टर बंद आणि सिग्नल क्षीण. काही गाड्यांत ही वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. तिथे वेगळा अडॅप्टर लागतो, पण तो फार महाग नसतो.

आमचं काम पंधरा मिनिटांत झालं. तुमच्याकडे वायर जोडलेली असूनही खरखर असेल, तर आणखी काही गोष्टी बघा. अँटेनाचा प्लग स्टिरिओच्या मागे पूर्ण आत बसलाय का? छपरावरची काडी घट्ट आहे का? गाडी धुताना ती काढली जाते आणि सैल राहते. पावसाळ्यानंतर तिच्या बुडाशी गंज चढला असेल, तर तो साफ करून घ्या. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये 'लोकल' चालू असेल, तर फक्त जोरदार स्टेशनंच लागतात. ते बंद करा.

एक चाचणी घरीच करता येते. रेडिओ लावा आणि मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम, एलईडी दिवे एकेक करून बंद करा. एखादी वस्तू बंद करताच आवाज स्वच्छ झाला, तर दोष तिचा. स्वस्त चार्जर यात हमखास सापडतो. वायरी कापायच्या-जोडायच्या कामात मात्र स्वतः हात घालू नका. डॅशबोर्डमागे एअरबॅगच्याही वायरी असतात.

आणि एक मर्यादा लक्षात असू द्या. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, डोंगर तिला अडवतात. जबलपूरहून नागपूरला निघालात, की सिवनीच्या वाटेवर शहरातलं स्टेशन विरत जाणारच. त्याला कुठलीही वायर उपाय नाही. पण शहरातल्या शहरात खरखर येत असेल, तर ती मुकाट्याने ऐकत बसू नका.

नवा स्टिरिओ बसवाल तेव्हा पैसे देण्याआधी दुकानाच्या दारातच तीन स्टेशनं लावून बघा आणि विचारा, ''अँटेनाची वायर जोडलीत ना?'' हा प्रश्न विचारायला काही सेकंद लागतात. घरात कुणाची संध्याकाळ त्या आवाजावर चालते, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. आपल्याला असतं.