पहिला क्रमांक

क्रम लावणें हा माझ्या धंद्याचाच एक भाग आहे. तीस वर्षें मी उत्तरपत्रिका तपासत आलों आहें. एकसष्ट आणि बासष्ट गुणांतील अंतर मला डोळे मिटूनहि दिसतें, असा माझा गोड समज आहे. म्हणूनच गेल्या दिवाळींत आमच्याकडे आलेली भाची जेव्हां म्हणाली, "मामा, तुमच्या आवडत्या रेकॉर्डींची यादी करून द्या ना; पण नुसती नको, पहिली, दुसरी, तिसरी अशी क्रमवार," तेव्हां मीं आढ्यतेनें होकार दिला. आपल्या आवडीनिवडी कोणीं विचारल्या कीं माणूस किती सुखावतो! त्यांतून विचारणारी विशीतील असली, म्हणजे तर आपण अजून कालबाह्य झालों नाहीं असाच भास होतो.

यादी एका संध्याकाळींत तयार झाली. पहिला क्रमांक मीं माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ सालच्या जाझ रेकॉर्डला दिला. दुसरा, ग्लेन गूल्डनें पियानोवर वाजविलेल्या बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ला. हा मनुष्य बाविसाव्या वर्षीं, १९५५ मध्यें, ही रचना अडतीस मिनिटांत संपवून मोकळा झाला. तीच त्यानें १९८१ मध्यें पुन्हां वाजविली तेव्हां तिला एक्कावन्न मिनिटें लागलीं, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. मीं अर्थातच दुसरी, सावकाश वाजविलेली निवडली; पन्नाशी उलटलेल्या माणसाचें मत तिकडेच पडायचें. गंमत अशी कीं, हीं तीनहि वादनें न्यूयॉर्कमधील एकाच वास्तूंत मुद्रित झालीं. तें पूर्वीं चर्च होतें.

तिसरा क्रमांक 'कॉल ऑफ द व्हॅली'चा. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी काश्मीरमधील एका मेंढपाळाचा पहांटेपासूनचा दिवस रागांतून सांगितला, तो १९६७ सालीं. ही कल्पना तडीस नेणारे गृहस्थ म्हणजे ग्रामोफोन कंपनींतील जी. एन. जोशी, ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन ज्यांनी एके काळीं उभ्या महाराष्ट्राला वेड लावलें, तेच हे. भावगीताच्या तीन मिनिटांपासून दीर्घ वादनाच्या रेकॉर्डपर्यंतचा सारा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यांत मावला! चौथ्या जागेवर पाब्लो कासाल्सनें १९३६ ते १९३९ या काळांत मुद्रित केलेलीं बाखचीं चेलोवादनें होतीं. पांचव्या जागेवर केसरबाई केरकरांची ती भैरवी, जी १९७७ मध्यें व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. आणि सहाव्या, म्हणजे अगदीं शेवटच्या जागेवर, अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी.

ही शेवटची रेकॉर्ड यादींत केवळ आजोबांसाठीं आली होती. वाईच्या घरीं त्यांचा किल्ली द्यावयाचा ग्रामोफोन होता, आणि त्याच्या शेजारीं कापडी पाठीचें एक जाड बाड. आंत पानांच्या जागीं कागदी पाकिटें, आणि पाकिटांतून लाखेच्या तबकड्या. फोटोंच्या आल्बमसारखें दिसे म्हणून त्यालाहि लोक आल्बमच म्हणूं लागले. आज जें नांव अदृश्य गाण्यांच्या संचालाहि चिकटलें आहे, तें मूळचें अशा वजनदार पुस्तकाचें. सुटींत दुपारीं आजोबा ती ठुमरी लावीत आणि मला हालचाल करण्याची बंदी असे. ती ऐकून भीमसेन जोशी लहानपणीं घराबाहेर पडले, असें ते स्वतः सांगत. मी पडलों तो इंग्रजी घेऊन एम. ए. होण्यासाठीं. ऋण म्हणून तिला सहावी जागा दिली, आणि आपण फार न्यायी आहोंत असें वाटून झोंपी गेलों.

त्याच थंडींत एक क्षुल्लक घटना घडली. वर्गांत एका विद्यार्थिनीनें प्रश्न विचारला आणि मीं त्याचें सविस्तर उत्तर दिलें. वर्ग आधीं गप्प बसला, मग हंसला. तिनें विचारलें होतें एक, आणि मीं उत्तर दिलें होतें भलत्याच प्रश्नाचें. असे प्रसंग त्या महिन्यांत तीन झाले. शेवटीं पत्नीनें मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनी एक आलेख काढून पुढें ठेवला. डावीकडे रेघ पठारासारखी सपाट होती. उजवीकडे ती कड्यावरून कोसळावी तशी खालीं गेली होती. सेकंदाला चार हजार कंपनांपलीकडचे ध्वनि मला फारसे ऐकूं येत नव्हते. कानाच्या शंखाच्या तोंडाशींच उंच ध्वनि टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्या आधीं झिजतात आणि पुन्हां उगवत नाहींत. 'स', 'श', 'फ' हीं अक्षरें मुख्यतः तेथेंच ऐकूं येतात. "वयाप्रमाणें होतें," डॉक्टर म्हणाले. वयाप्रमाणें होणाऱ्या गोष्टींचें सांत्वन वयाला होत नाहीं.

घरीं आल्यावर मला पहिली भीति वाटली ती वर्गाची नव्हे, त्या यादीची. मी जें ऐकतों आहें असें मला वाटतें, तें खरोखर ऐकतों, कीं नुसतें आठवतों? मे महिन्यांत भाची आली तेव्हां तिला जवळ बसविलें आणि 'काइंड ऑफ ब्लू' लावली. पहिल्याच तुकड्यांत, डेव्हिसचा ट्रम्पेट स्वतंत्रपणें सुरू होतो त्या क्षणीं, जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो. मीं तिला सांगितलें, "झांज वाजली कीं बोट वर कर, आणि ऐकूं येईनाशी झाली कीं खालीं घे. मीहि तेंच करतों." टोला पडला. दोघांचींहि बोटें एकदमच वर गेलीं. थोड्याच वेळानें मीं माझें बोट खालीं घेतलें. तिचें वरच होतें. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती. तें बोट खालीं येईपर्यंतचा काळ मला फार लांब वाटला.

मग आम्हीं सारी यादी पुन्हां तपासली. संतुराच्या तारांवरची चकाकी गेली होती. गूल्ड बराचसा शाबूत होता. कासाल्सच्या चेलोला तर धक्काहि लागला नव्हता. आणि झिंझोटी? विजेच्या मायक्रोफोननें ध्वनिमुद्रण १९२५ पासून होऊं लागलें, तरी त्या काळच्या तबकडींत पांचसहा हजार कंपनांपलीकडचें कांहीं उतरतच नसे. म्हणजे खांसाहेबांचें गाणें मला जवळजवळ सगळेंच ऐकूं येतें! उलट, तबकडीची जी खरखर भाचीला सोसवेना, ती मला मंद झाली होती. तिच्याआडून तो निमुळता, व्याकुळ स्वर स्वच्छ येत होता. एकमेकांच्या उणिवा जाणणारे दोन वृद्ध बोलत बसावे, तसें कांहीं तरी आमचें चाललें होतें.

ठुमरीला मीं पहिला क्रमांक दिला. पण लगेच मनांत आलें, हा न्याय आहे कीं सोय? माझा कान झिजला म्हणून कॉबची झांज कमी मोलाची ठरावी काय? परीक्षकाची दृष्टि मंदावली तर उत्तरपत्रिकेचे गुण कापीत नाहींत. बराच वेळ मी पेन्सिल घेऊन बसलों होतों. अखेर पहिल्या जागेवर दोन्ही नांवें लिहिलीं, विद्यापीठांत दोघांना पहिलें बक्षिस विभागून देतात तसें, आणि खालीं त्या दिवसाची तारीख घातली.

भाची परत निघाली तेव्हां 'काइंड ऑफ ब्लू' तिच्या पिशवींत ठेवली. "मामा, ही तर तुमची सर्वांत आवडती!" ती म्हणाली.

"म्हणूनच देतों आहें," मी म्हणालों. "येशील तेव्हां घेऊन ये. ती झांज किती वेळ वाजते, तें मला बोट वर करून दाखव."