रबर लावलेल्या पुड्या

मंचरला आमच्या अण्णांची लाकडावरची भट्टी होती. वसुबारसेच्या आधीचे दहाबारा दिवस दुपारपर्यंत पाव उरकायचे आणि मग भट्टी 'लोकांच्या बिस्किटां'साठी मोकळी व्हायची. घोडेगाव, कळंब, अवसरीकडच्या बायका एसटीने यायच्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घासूनपुसून लख्ख केलेला पत्र्याचा डबा. पिशवीत रवा, मैदा, साखर, डालडा, दुधाची बाटली, फडक्यात बांधलेली वेलची. माल त्यांचा, अण्णा घ्यायचे फक्त भाजणावळ.

गंमत अशी की कुणाचाच माल नेमका नसायचा. एखादीचा मैदा कमी पडला म्हणून तिने घरची कणीक आणलेली. दुसरीने लाडवांचं उरलेलं बेसन. एक आक्का दरवर्षी निरनिराळ्या पिठांच्या चार पुरचुंड्या ओट्यावर ओतायच्या आणि म्हणायच्या, "आहे त्यात पाड बाबा." अण्णांनी कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. ते सगळी पिठं एकत्र तोलायचे, बोटाच्या चिमटीत चोळायचे, जिभेवर ठेवायचे आणि मला सांगायचे, "पीठ दोन, साखर एक, तूप एक." नानकटाईची एवढीच कृती त्यांना ठाऊक होती आणि ती आयुष्यभर पुरली.

मी आता नारायणगावला बेकिंगचे वर्ग घेते. गावात ओव्हन आले, पण वर्गातल्या निम्म्या बायका अजून जाड बुडाच्या कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून केक करतात आणि तो झकास होतो. केक कसा करायचा हे विचारणाऱ्या कमी झाल्या आहेत. विचारतात ते असं : "ताई, त्या दिवशी दोन चमचे कोको वापरला, बाकीच्याचं काय करू?"

दोष त्यांचा नाही. मोबाइलवर कृती पाहायची आणि तिच्यात असेल ते सगळं आणायचं, ही आताची रीत. त्यात इथून पुणं पाऊणशे किलोमीटर. एवढं लांब रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेल्यावर शंभर ग्रॅम कोको कोण आणतं? अर्धा किलो येतो. त्याच्याबरोबर टुटीफ्रुटी, चोकोचिप्स, दोन रंग, तीन इसेन्स. वाढदिवस होतो, दिवाळी होते आणि कपाटात रबर लावलेल्या पुड्या उरतात. पूर्वी घरात असेल त्यावरून पदार्थ ठरायचा, आता पदार्थावरून घरात काय यायचं ते ठरतं. पुड्या साठण्याचं मूळ मला तरी यातच दिसतं.

म्हणून तुळशीचं लग्न आटोपलं की मी वर्गाचा एक दिवस फक्त या पुड्यांसाठी ठेवते. घरी जे असेल ते घेऊन या, नवीन काही आणायचं नाही.

आधी नाक, मग डोळा. मैद्याला जाळी धरली असेल किंवा रव्यात टोके, अळ्या फिरत असतील तर चाळून वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही. अक्रोड, तीळ, सुकं खोबरं, डालडा खवट आहे का हे वास सांगतो. खवटपणा भाजल्याने जात नाही. ओव्हनच्या उष्णतेत तो उलट घरभर होतो.

त्यानंतर फुगवणाऱ्या पुड्या. बेकिंग पावडर अर्धा चमचा घ्या आणि तिच्यावर कढत पाणी ओता. सोडावॉटरसारखी फसफसून वर आली तर जिवंत, नुसती पाण्यात विरघळून पांढरी बसली तर टाकून द्या. सोड्याला कढत पाण्याने नाही, लिंबाच्या रसाने जोखायचं, कारण सोडा एकटा काम करत नाही, त्याला आंबट जोडीदार लागतो. बेकिंग पावडरमध्ये तो जोडीदार कोरडा करून आधीच मिसळलेला असतो. दोघं एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये स्टार्च. हवेतला दमटपणा डब्यात शिरला की ते डब्यातच भिडतात आणि तुमच्या केकसाठी काही शिल्लक राहत नाही. आहुपे, डिंभ्याकडच्या पावसात उघडी पुडी फार तग धरत नाही. बेल्ह्याच्या कोरड्या हवेत तीच पुष्कळ टिकते. सोडा कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं चालतो. पण बेकिंग पावडर संपली म्हणून तेवढाच सोडा घालू नका, तो तिच्या तिप्पट-चौपट कडक असतो. पावडरच्या एका चमच्याला सोडा पाव चमचा आणि बरोबर दही किंवा गूळ. गूळ मुळातच थोडा आंबट असतो, हे आपल्या ऊसवाल्या तालुक्यांत मुद्दाम सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं.

यीस्टचं थोडक्यात : कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तर पाव, नाही आला तर कुंडीत.

आता नानकटाई. वर्गात मोठी परात मध्ये ठेवते आणि काटा शेजारी. गेल्या वर्षी परातीत आलं ते असं : मैदा तीनशे ग्रॅम, बेसन शंभर, बारीक रवा पन्नास, कस्टर्ड पावडर पन्नास. झालं पाचशे. म्हणजे पिठीसाखर अडीचशे, तूप अडीचशे. डालडा दीडशेच होता, मग शंभर ग्रॅम घरचं तूप. प्रमाण अण्णांचंच, मी फक्त मर्यादा घालून घेतल्या आहेत. मैदा किंवा कणीक मिळून निम्म्याहून खाली जाऊ द्यायची नाही. बेसन पाव हिश्शापर्यंत. कस्टर्ड पावडर किंवा कोको दहाव्या हिश्शापर्यंत, कोको जास्त झाला की कडवटपणा येतो. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातली नाचणी तिसऱ्या हिश्शापर्यंत छान लागते. त्यापुढे बिस्कीट हातात भुगा होतं, कारण तिच्यात गव्हाचा चिकटपणा नाही.

तूप-साखर तळहाताने घासायची. पहिल्यांदा वाळूसारखी कचकचते, मग ओलसर, मग रंग फिका पडत पडत लोण्यासारखी हलकी. दहा मिनिटांनी मनगट दुखायला लागलं की समजायचं, होत आलं. मग अर्धा चमचा सोडा, चमचाभर दही, वेलची आणि पीठ. पीठ पडलं की मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे सैलसर अंतरावर ठेवून एकशे साठ ते एकशे सत्तर अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना त्या बोटाला मऊ लागतात आणि तिथेच नवखी घाबरून पुन्हा आत ढकलते. गार होऊ द्या. खुसखुशीतपणा गार होताना येतो.

कस्टर्ड पावडर नानकटाईत घालताना मला नेहमी बर्मिंगहॅमचा अल्फ्रेड बर्ड आठवतो. बायकोला अंडं सोसत नाही म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लॉवरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. तिला यीस्टही चालेना, म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर केली. कपाटातल्या दोन पुड्या एकाच बाईच्या पथ्यातून आल्या. चतुर्थीला लेण्याद्री-ओझरच्या वाटेवर असणाऱ्या आमच्या बिनअंडेवाल्यांनी त्या बाईचे आभारच मानले पाहिजेत.

रूप सारखं असलेल्या पुड्यांवर मात्र नाव लिहा. मी कॉलेजात असताना अण्णा बाहेरगावी होते म्हणून एका काकूंची दोन किलोंची नानकटाई मी एकटीने केली. साखरेच्या डब्याशेजारी तसाच डबा होता, त्यात कॉर्नफ्लॉवर. भट्टीतून पत्रे काढले तर नानकटाई ना पसरलेली, ना तांबूस झालेली, खडूच्या गोट्यांसारखी पांढरीफटक. साखर नुसती गोडी देत नाही, रंग आणि पसरणंही तिचंच काम, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा संध्याकाळी आले. बोलले काहीच नाहीत. एक गोटी फोडून खाल्ली, आमच्या मालातून काकूंची नवी बिस्किटं पाडून दिली आणि रात्री त्या गोट्या कुटून त्यात साखर, कोको, दूध घालून लाडू वळले. आम्ही भावंडांनी ते आठवडाभर खाल्ले. तेव्हापासून मी न चाखता एकही डबा ओतलेला नाही.

मिल्कमेडचा अर्धा डबा उरला तर तो डब्यातच ठेवू नका, काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. टुटीफ्रुटी ही साखरेत मुरवलेली कच्ची पपई. कडक झाली तर गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून, पुसून, थोडा मैदा चोळून केकमध्ये घाला, म्हणजे तळाशी बसत नाही. एवढं करूनही खसखस, बडीशेप, सुंठ, मूठमूठ कणीक असं राहतंच. त्याला आपल्याकडे आखाड आहे. आषाढात आमच्या घरी आई गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून खसखशीवर कापण्या लाटायची. आखाड तळायचा तो पावसाळी भुकेसाठी हे खरंच. पण दिवाळीतलं उरलंसुरलं दमट हवेत वाया जाण्याआधी त्याच तळणीत संपायचं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

एकाच वस्तूपुढे मी हात टेकले आहेत : अननसाचं इसेन्स. वीस थेंब लागतात आणि बाटली पुढची दहा वर्षं पुरते. नानकटाईत ते शोभत नाही, कापण्यांत तर नाहीच. वर्गाच्या त्या दिवशी परात रिकामी होते, डबे भरून घरी जातात आणि ओट्यावर पिवळ्या बाटल्या तेवढ्या राहतात. "ताई, तुमच्याकडेच असू द्या." सध्या माझ्याकडे अकरा आहेत. नारायणगावला आलात तर एक घेऊन जा.