ट्यूबची पट्टी

अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरला काळ्या रबराची एक पट्टी कायम गुंडाळलेली असे. दोन बोटं रुंद, दोन-अडीच हात लांब. फाटलेल्या ट्यूबमधून पंक्चरवाल्यानं कापून दिलेली. सकाळी तिनं जेवणाचा डबा बांधला जाई, संध्याकाळी मंडईतली पिशवी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची टोपली. बांधण्याची त्यांची एक रीत होती. एक वेढा खालून, दुसरा त्याच्या उलट, आणि टोक पहिल्या वेढ्याखाली खोचायचं. गाठ कधीच नाही. गाठीपाशी रबर आधी चिरतं, हे मी त्यांच्याकडून शिकले तेव्हा नीट गाठ मारायलाही येत नव्हती.

ते कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. सकाळच्या पाळीला नदीपलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा आणि त्यातल्या बहुतेक कॅरिअरवर असाच एकेक डबा. मी शिकले ती मात्र तासावर भाड्यानं आणलेल्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, वाड्याच्या बोळात.

बारा वर्षांची असताना आश्विनातल्या एका रविवारी अण्णांनी मला कात्रजचा जुना घाट दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे चढायला. त्यांच्या सायकलीला पुढे 44 दात होते, मागे 18. पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जायची. सपाटीवर ही चैन. घाटात प्रत्येक फेरा छातीत यायचा. मग आम्ही उतरलो आणि सायकली ढकलत निघालो. उतरून चालण्यात कमीपणा असतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. कडेच्या उतारावर सोनकी पिवळीधम्मक होती. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी पट्टी सोडली, डब्यातली पोळी काढली, आणि डोंगराकडे बघत म्हणाले, "रात्री इथं कसं असेल गं?"

पुढची वर्षं भराभर गेली. नोकरी, लग्न, स्कूटर. अण्णा गेल्यावर त्यांची सायकल भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा मी कॅरिअरवरची पट्टी सोडवायला गेले. ती हातात आली ती तुकड्या-तुकड्यांनी. उन्हानं रबराचा जीव गेला होता. मी ते तुकडे मुठीत धरून बराच वेळ अंगणात उभी होते.

गिअरची सायकल मी चव्वेचाळिसाव्या वर्षी घेतली. सर्वांत हलक्या गिअरला पुढे 22 दात, मागे 34. एका फेऱ्यात दीड मीटरही अंतर कापलं जात नाही. पण घाट बसल्या बसल्या चढता येतो, तंबू आणि पाण्यासकट. पहिल्याच आठवड्यात पंक्चरवाल्याकडून एक पट्टी कापून आणली. दुकानात आकडे लावलेलं रंगीत इलॅस्टिक मिळतं. ते तंबूवरून घसरतं. ट्यूबचं रबर कापडाला धरून बसतं.

तेव्हापासून दरवर्षी शरदात मी दोन-तीन रात्री डोंगरात काढते. बाहेरच्यांना आपला पावसाळाच सुंदर वाटतो, आणि तो आहेच. पण रानात झोपायला माझ्या मते खरा काळ आश्विन-कार्तिक. पाऊस परतलेला असतो, म्हणून जमीन कोरडी मिळते. ओढे मात्र अजून वाहत असतात, म्हणून पाणी पाठीवर वाहावं लागत नाही. चैत्रात तोच ओढा नुसता दगडांचा. हे दोन्ही एकत्र जुळून येण्याचे आठवडे फार थोडे. आकाश निरभ्र असतं, जमिनीतली ऊब रात्री थेट वर निघून जाते आणि दहिवर असं पडतं की तंबूचं दार बंद ठेवलं तर आतूनही पाणी ठिबकतं. मी दार उघडं ठेवते. समोरच्या डोंगरामागून कृत्तिका वर येतात, अपरात्री मृग. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं थोडंथोडं मिळत असतं.

परवाच्या आश्विन वद्यात वरंध घाटाकडे निघाले होते. कापूरहोळला वळून भोर, मग नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं. कडेच्या झोपड्यांचे कूड अजून कारवीचे दिसतात. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, एरवी भिंत होऊन माणसाच्या उपयोगी पडते. हिरडोशीच्या अलीकडे मागची ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली. तिथं ठिगळ बसत नाही. दुसरी ट्यूब घालून, फाटलेली पिशवीत टाकून निघाले, पण तासभर गेला आणि अंधार पडला. नाचणीच्या एका वावराशेजारी पडीक तुकडा होता, तिथं सामान उतरवलं.

"कोन हाय गं तिथं?"

वावरात चार खांबांवर माळा होता. त्यावरून बॅटरीचा झोत आला आणि मागोमाग एक म्हातारी उतरली.

"मावशी, तुमचंच वावर ना? रात्रीपुरती राहू का? उजाडलं की जाते."

"एकलीच हाईस व्हय?" तिनं सायकलीवरून, मग माझ्यावरून बॅटरी फिरवली. "ऱ्हा की. पर जाळ करू नगंस, गवात वाळलंय. आन् डबा वाजला तर भिऊ नगं. डुकरं येत्यात, मीच वाजवती."

आपण ज्याला रान म्हणतो ते कुणाच्या तरी रात्रीच्या कामाचं ठिकाण असतं. हे मला त्या रात्री कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं. मी कृत्तिका बघत पडले होते. ती पिकलेली नाचणी राखत जागी होती. तीनदा डबा वाजला. तिसऱ्या वेळेला मीही तंबूतून ओरडले. माळ्यावरून तिचं हसणं ऐकू आलं.

सकाळी तिनं कोरा चहा दिला. मी सामान बांधत होते आणि ती माझे हात बघत होती.

"हे रबर लई ब्येस दिसतंय. माळ्याची आडी लई हलती बग."

मी पिशवीतली फाटकी ट्यूब काढली. तिनं कमरेचा विळा दिला. ट्यूब उभी चिरून आम्ही दोन लांब पट्ट्या काढल्या. मी तिला दाखवलं: एक वेढा खालून, दुसरा उलटा. तिनं मान हलवली, पट्टी माझ्या हातून घेतली, पाय खांबाला रेटून ती पार ताणली आणि तीन वेढे घातले. टोक खोचलं. आडी हलवून पाहिली.

दुसरी पट्टी मी कॅरिअरवर घेतली. जुनीला कडेनं बारीक चिरा पडायला लागल्याच होत्या. तंबूवरून एक वेढा, दुसरा उलटा, आणि या वेळी तिच्यासारखा तिसराही. मग वाघजाईच्या चढाला सायकल लावली. पहिल्या वळणावरून मागं पाहिलं तर ती माळ्यावर बसून खाली पाय हलवत होती.