पडद्यामागची जागा

गणपतीत आमच्या गल्लीत पडदा लागायचा तो भर रस्त्यात. दोन खांबांना ताणून बांधलेलं धुवट पांढरं कापड, खालच्या कोपऱ्यांना विटा बांधलेल्या, तरी वारा सुटला की नायिकेच्या गालाला हलकेच सुरकुती पडायची. पुढची जागा मोठ्यांनी दुपारीच सतरंज्या टाकून अडवलेली असे. मग आम्ही पोरं पडद्यामागे, उलट्या बाजूला. तिथून पाट्यांवरची अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत, नायक डाव्या हातानं पत्र लिही आणि कापडाच्या मधोमध, चित्राच्याही आत, एक धगधगता ठिपका दिसे. प्रोजेक्टरचा दिवा! पुढे बसलेल्यांच्या तो पाठीशी असायचा. आमच्या मात्र थेट डोळ्यांत. १६ मिलिमीटरच्या रिळाची ती किरकिर, तापलेल्या धुळीचा वास, झोतात भिरभिरणारे किडे... अजूनही डोळे मिटले की तो ठिपका पापण्यांच्या आत उमटतो.

कितीतरी वर्षांनी एका संध्याकाळी मुंबईतल्या एका वस्तीत तसाच पडदा लागला होता. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट. मला पोचायला उशीर झाला, पुढे पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सवयीनंच मागे गेले. किरकिर नव्हती आता, व्हिडिओचा प्रोजेक्टर निमूटपणे उजेड सांडत होता. पण कापडाच्या मधोमध ठिपका तोच.

आणि त्या ठिपक्याभोवती शाहीर विलास घोगरे गात होते. पटवर्धनांच्याच १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये टिपलेले, तरणे, जिवंत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि काही दिवसांतच या शाहिरानं स्वतःला संपवलं. त्यानंतर पटवर्धन हा एक माणूस कॅमेरा घेऊन चौदा वर्षं या गाण्यांच्या मागे मागे हिंडत राहिला. चौदा वर्षं! तेवढ्यात वस्तीतली रांगती पोरं मिसरूड फुटलेली होतात. मागच्या बाजूनं मला शाहिरांचा उजवा हात डावा दिसत होता. आवाज मात्र उलटा होत नव्हता. शेजारी उकिडवी बसलेली एक म्हातारी ओठांतल्या ओठांत तेच गात होती, एक शब्द पुढेच. पडद्यावरचं गाणं जणू तिच्याकडूनच शिकत होतं.

का कोण जाणे, मला तेव्हा अहमदाबादच्या बायका आठवल्या. १९८४ साली ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेत अमेरिकेहून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांच्याकडून त्या व्हिडिओ शिकल्या. कुणी भाजी विकणारी, कुणाला अक्षरओळख नाही. कॅमेऱ्यावरची इंग्रजी नावं वाचता न येणाऱ्या बोटांनी बटणं ओळखीची केली असतील, जशी अंधारात चुलीपाशी काडेपेटी सापडते. मग माणेक चौकातला आपलाच बाजार त्यांनी टिपला. तराजू धरणाऱ्या हातानं कॅमेरा धरला की तो किती स्थिर राहत असेल! जन्मभर पडद्यामागे बसलेल्या या बायका दिव्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वाट त्यांना सापडणारच. तो ठिपका मागूनच तर दिसतो.

तीन तासांहून लांब चित्रपट. पोरं मांडीवर झोपून गेली, चहाचे ग्लास रिकामे झाले, कुणी उठलं नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत, नुसता एक मोठा श्वास, साऱ्या वस्तीनं मिळून सोडलेला.

मग दोघीजणी पुढे झाल्या. एकीनं इकडची टोकं धरली, दुसरीनं तिकडची. वाळत घातलेली चादर काढावी तसा त्यांनी पडदा झटकला, दुमडला, पुन्हा दुमडला. त्यांच्या हातांत तो निव्वळ पांढरा होता. सुलटी बाजू कोणती आणि उलटी कोणती, मला काही केल्या ओळखू येईना.