वेलचेरीचा विस्तव

चेन्नई बीच स्टेशनहून निघालेली उन्नत रेल्वे मैलापूर, तिरुवान्मियूर, तरमणी अशी स्टेशनं घेत वेलचेरीला येते. २००७ साली ती इथवर पोहोचली. दंडीश्वराच्या देवळात सांगतात, की वेदांनी इथे शंकराची आराधना केली म्हणून ही ‘वेदश्रेणी’. तिचंच पुढे वेलचेरी झालं. आज मात्र पाहुण्याला आधी दिसतात ते उड्डाणपूल, मॉल आणि एकाला एक चिकटलेले फ्लॅट. त्या फ्लॅटांमधून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबंही भेटतात.

पण आम्ही सांगणार आहोत ते वेलचेरीच्या कोळशाबद्दल!

आतल्या गल्लीत शिरलं, की एखाद्या झाडाच्या सावलीत चारचाकी गाडी लावून इस्त्रीवाला उभा असतो. गॅसवरच्या इस्त्र्या आल्या असल्या तरी कोळशाची इस्त्री इथून हद्दपार झालेली नाही. तिच्या पोटात निखारे, कडेला वारा आत घेणारी भोकं. दर थोड्या वेळाने इस्त्रीवाला ती उचलून हवेत दोन झोके देतो, कपड्यांकडे पाठ करून झाकण उघडतो आणि वर साचलेली राख झटकून टाकतो. राख राहिली तर इस्त्री थंड पडते आणि पांढऱ्या शर्टावर उडाली तर गिऱ्हाईक जातं. त्याचं पोट या दोन गोष्टींवर चालतं.

तमिळमध्ये कोळशाला म्हणतात ‘करी’ आणि राखेला ‘सांबल’. मराठी कानाला पहिल्यांदा हे शब्द ऐकताना हॉटेलचं मेनूकार्ड वाचल्यासारखं वाटतं!

आम्ही ज्या मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो, त्यांच्या गच्चीवर याच करी-सांबलचं एक आधुनिक प्रकरण होतं. रांजणाएवढी, जाड सिरॅमिकची, झाकणाची शेगडी. तिचं नाव ‘कामाडो’. हा शब्द जपानी, अर्थ साधा : चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी अशा मातीच्या चुली हौसेनं घरी नेल्या. पुढे १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी काढली आणि मातीच्या जागी न तडकणारं सिरॅमिक आलं. खाली एक झरोका, वर एक झरोका, मध्ये जाळी. आपल्या आजीच्या शेगडीला झाकण घातलं की झालं!

पण वहिनींची तक्रार निराळी होती. “पहिल्या आठवड्यात वांगी अशी खरपूस भाजली म्हणून सांगू! आणि परवा कोंबडी तीन तास आत होती, तरी हाडाशी कच्चीच. कोळसा बदलून पाहिला, महागातला आणला. काही उपयोग नाही.” पाहुण्यांना दहा वाजता अंडाभुर्जी वाढायची वेळ आली, हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

निदान केलं ते कपड्यांचं गाठोडं घेऊन वर आलेल्या इस्त्रीवाल्याने. त्याने वाकून खालचा झरोका उघडला, आत बोट घातलं आणि म्हणाला, “सांबल! कात्तु पोगलै.” राख आहे, वारा जात नाही.

झालं होतं असं, की दर वेळी जुन्या उरल्यासुरल्यावर नवा कोळसा ओतला जात होता. बारीक चुरा जाळीच्या भोकांत अडकला, खाली राखेचा थर झरोक्यापर्यंत चढला. झरोका सताड उघडा, पण आतून बुजलेला! कोळसा जळतो तो हवेवर. खालून गार हवा आत येते, तापते, हलकी होऊन वरच्या झरोक्यातून निघते आणि जाताना खालून नवी हवा ओढून घेते. ही वाट अडली, की महागातला कोळसाही नुसता धुमसत बसतो.

म्हणून पेटवण्याआधी जुने कोळसे सळईने हलवून राख खाली पाडायची, खालच्या तोंडातून ओढून काढायची, मोठे तुकडे तळाशी रचून बारीक वर घालायचे. चुरा पिशवीतच राहू द्यावा.

वेलचेरीची म्हणून एक खास अडचण आहे. समुद्र इथून पाच-सहा किलोमीटरवर, शेजारी पळ्ळिकरणैची पाणथळ. उन्हाळ्यात दुपारनंतर पूर्वेकडून खारा वारा सुटतो. खालचा झरोका त्या वाऱ्याच्या तोंडाशी ठेवला, तर मंद आचेची शेगडी भट्टी होऊन बसते. झरोक्याची पाठ वाऱ्याकडे हवी. शिवाय राख दमट हवेतलं पाणी शोषते. आठवडाभर आत राहिली तर तिचा लगदा होतो आणि राखेत खार असल्याने लोखंडी जाळीही खाल्ली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात तर शेगडी झाकून ठेवावीच लागते, आणि कोळसा डब्यात.

आच वाढवणं सोपं, उतरवणं महाकठीण. जाड भिंत एकदा तापली की तासन्‌तास निवत नाही. एकशे दहा-वीस अंश हवे असतील, तर शंभराला पोहोचतानाच दोन्ही झरोके अंगठ्याएवढे करायचे. आणि बंद ठेवलेल्या तापल्या शेगडीचं झाकण एकदम उघडू नये. आत कोंडलेल्या विस्तवाला अचानक हवा मिळाली, की ज्वाळेचा लोट तोंडावर येतो. आधी बोटभर उचलावं, थांबावं, मग उघडावं. काम झालं की दोन्ही झरोके बंद. विस्तव हवेविना आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या रविवारी चालतो. पाणी कधीही ओतायचं नाही.

हवेची ही गोष्ट गच्चीवर फार तर जेवण बिघडवते. घरात जीव घेते. डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरीचे तळमजले पाण्यात गेले, वीज गेली. अशा वेळी कोणालाही वाटतं, शेगडी आत घ्यावी, खिडक्या लावून घ्याव्यात. नीट पेटलेल्या कोळशाला धूर नसतो, म्हणून संशयही येत नाही. पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. वहिनींच्या मुलाने पावसात शेगडी बाल्कनीत आणून काचा ओढायचा बेत केला होता. तो आम्ही सगळ्यांनी मिळून हाणून पाडला.

हा कोळसा येतो कुठून? तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या रामनाथपुरम, विरुदुनगरसारख्या कोरड्या जिल्ह्यांतून. तिथे ‘सीमै करुवेलम’ म्हणजे आपली वेडी बाभूळ रानभर माजली आहे. परदेशी झाड, पाण्याला भारी, म्हणून ते उपटण्याचे न्यायालयीन आदेशही निघाले. पण त्याच झाडाच्या कोळशावर तिथल्या गरिबांच्या चुली पेटतात.

उरली राख. ती किमान दिवसभर निवल्याशिवाय प्लॅस्टिकच्या बादलीत टाकायची नाही, कारण आत निखारा दडलेला असतो. वहिनींनी आता झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यातली मूठभर चाळून जास्वंदीच्या कुंडीत जाते. बाकीचीने देवाची पितळी भांडी घासली जातात. चिंचेपेक्षा चकाकतात, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीवाल्यालाही ते पटलं. त्याची इस्त्री पितळीच आहे.