पुण्याचा रोजा

ड्युअथलॉन म्हणजे काय, हे मिरजेत कुणी विचारलं की मी एकच वाक्य सांगते : आधी पळायचं, मग सायकल चालवायची आणि मग पुन्हा पळायचं. ऐकणारा पहिल्या दोन गोष्टींना मान डोलावतो आणि तिसरीला थांबवतो, ''पुन्हा कशाला?'' प्रश्न रास्त आहे. पोहणं, सायकल आणि पळणं अशी जी ट्रायथलॉन असते, ती २००० सालच्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिची ही बहीण मात्र अजून दाराबाहेरच उभी आहे. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेन गावात १९८९ साली हिची मोठी शर्यत सुरू झाली. तिथं १० किलोमीटर पळून, १५० किलोमीटर सायकल मारून वर आणखी ३० किलोमीटर पळतात. आम्हा सामान्यांसाठी १०, ४० आणि ५ किलोमीटर एवढंच अंतर असतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

मी या शर्यतीकडे वळले त्याचं कारण साधं आहे. मला पोहता येत नाही. मिरजेच्या कृष्णाघाटावर मोहल्ल्यातली पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. आमच्या वयाच्या मुली घाटावर गेल्या त्या धुणं घेऊन. पळणं मात्र शाळेपासून होतं, कॉलेजात आल्यावर क्रॉसकंट्रीच्या संघात निवड झाली. सायकल तर घरचीच. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढणं, चाकाचा आऊट काढणं, फ्रीव्हीलला तेल देणं हे मी अक्षरओळखीच्या सुमारास शिकले. शर्यतीची माझी सायकलही अब्बांनी जुनी फ्रेम घेऊन, एकेक भाग जमवून उभी केलेली आहे. कपड्यांबद्दल लोक फार उत्सुकतेनं विचारतात. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, पायघोळ ट्रॅकपँट, हेल्मेटखाली घट्ट बांधलेला रुमाल. त्यात याहून सांगण्यासारखं काही नाही.

सराव पंढरपूर रस्त्यावर, दंडोबाच्या डोंगराच्या दिशेनं. साखर कारखाने सुरू असले की त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत येतात आणि सायकलवाल्याला कडेच्या मातीत उतरावंच लागतं. आठवड्यातून एकदा मी ३० किलोमीटर सायकल मारून, उतरल्या पावली पळायचे. या खेळाचं सगळं मर्म त्या उतरल्या पावलात आहे. सायकलवर पाय तासभर एकाच गोल चाकोरीत फिरलेले असतात. जमिनीवर आल्यावर ते अंगाचं ओझं घ्यायला तयार नसतात. गुडघ्याखाली कुणी लाकडाचे पाय बसवलेत असं वाटतं. किलोमीटर-दीड किलोमीटर गेल्यावर ते हळूहळू आपले होतात. सरावानं हे अंतर कमी होतं, नाहीसं होत नाही.

२०२५ सालची पुण्याजवळची शर्यत १६ मार्चला, रविवारी होती. त्या वर्षी आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा २ मार्चला झाला. म्हणजे शर्यत पंधराव्या रोजाला.

कॉलेजचे सर भले गृहस्थ. म्हणाले, ''तुझा उपवास असेल तर नाव मागे घे, मी काही म्हणणार नाही.'' मैत्रिणी म्हणाल्या, ठेव रोजा आणि पळ, बातमी होईल. मोहल्ल्यातल्या एका मुलानं हाशिम आमलाचा दाखला दिला : २०१२ साली ओव्हलवर त्यानं नाबाद ३११ धावा केल्या त्या रोजा ठेवून! ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्यक्षात आमलानं तेव्हाच सांगितलं होतं की आपण प्रवासात आहोत, म्हणून रोजे ठेवत नाही, घरी गेल्यावर पूर्ण करू. पण हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रोजा ठेवून केलेल्या ३११ धावा आम्हाला हव्या होत्या, म्हणून त्या आम्ही करून घेतल्या. त्याच उन्हाळ्यातलं लंडन ऑलिंपिक अख्खं रमजानमध्ये आलं होतं. मोहम्मद स्बीही नावाच्या ब्रिटिश नौकानयनपटूनं तेव्हा प्रत्येक सुटलेल्या रोजामागे साठ गरिबांना जेवण दिलं, तीस रोजांची १,८०० जेवणं. आपल्या गल्लीत ही गोष्ट कुणी सांगत नाही.

अब्बांनी मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की खेळ हे कारण नव्हे, सफर हे कारण आहे. आमच्या हनफी मसलकात ४८ मैलांच्या, म्हणजे साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढे निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. त्याला रोजा पुढे ढकलता येतो, तेवढे दिवस नंतर भरून द्यायचे. सूरह बकरात आजाऱ्याला आणि प्रवाशाला ही सवलत आहे. मिरजेहून पुणे त्याच्या तिप्पट लांब. ''आणि शर्यत मिरजेतच असती तर?'' अब्बांनी विचारलं. इमामसाहेब थोडे हसले. म्हणाले, ''मग मला दुसरं उत्तर द्यावं लागलं असतं.'' मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला.

म्हणजे दीनच्या बाजूनं अडचण नव्हती. अडचण लोकांसमोर पाणी पिण्याची होती.

हे बायकांना अधिक कळेल. महिन्यातले काही दिवस आम्हाला रोजा माफ असतो, माफ काय, ठेवायचाच नसतो. तरी त्या दिवसांत घरात आम्ही कशा वागतो? स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून दोन घास खायचे. अब्बांचा खोकला ऐकू आला की पेला ओट्याखाली. अब्बांना माहीत असतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत असतं. तरीही पेला ओट्याखाली जातो. बाहेर जायचं असलं तर ओठ पुसून, जरा कोमेजलेला चेहरा करून जायचं. सवलत अल्लाहनं दिलेली आणि आम्ही ती चोरीच्या मालासारखी वापरतो.

घरात हा विषय दादीनंच मिटवला. माझी दादी तरुणपणी सांगलीत हळदीच्या वखारीत हळद निवडायला जायची. १९८८ च्या सुमारास रमजान एप्रिल-मे महिन्यांत यायचा, ऐन हळदीच्या हंगामात. वखारीत पंखा नाही, हळदीची धूळ नाकातोंडात, घशाला कोरड, आणि मजुरी रोजच्या रोज. ''तुम्ही रोजा ठेवायचा?'' मी विचारलं. ''ठेवती थी. नै ठेवती तो भी कोन पुछता था?'' तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती की बढाई नव्हती. सांगलीच्या मार्केट यार्डात रोजा ठेवून हळदीची पोती वाहणारे हमाल आजही आहेत. ते काही कुणाच्या बातमीचा विषय नाहीत. त्यांना रोजा आहे का, हेही कुणी विचारत नाही. मला मात्र पंधरा दिवस सगळे विचारत होते. दादी शेवटी म्हणाली, ''छुट्टी देनेवाले ने दी. तू कैकू लाजती? बाद में गिनके दे डाल.''

रमजानमध्ये सराव कसा करायचा हा वेगळाच हिशेब होता. मी इफ्तारच्या आधीचा पाऊण तास हलकं पळण्यासाठी ठेवला, म्हणजे संपताच खजूर आणि पाणी हाताशी. सायकल तरावीहच्या वेळी, अब्बांनी दुकानात बसवलेल्या स्टँडवर जागच्या जागी. तासभराच्या जोराच्या मेहनतीत अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, उन्हात त्याहून जास्त. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी पाय जड होतात. मी पन्नास किलोची, म्हणजे एक लिटर. मला साधारण तीन तास लागणार होते.

शुक्रवारी सायकल अब्बांच्या ओळखीच्या टेम्पोतून द्राक्षांच्या पेट्यांबरोबर पुण्याला गेली. शनिवारी अब्बा आणि मी रेल्वेनं. त्या दिवशी रोजा घरूनच धरलेला होता, म्हणून प्रवासातही तो पूर्ण केला आणि कोंढव्यात खालांच्या घरी सोडला. रविवारी पहाटे सगळे सहरीला उठले. मीही बसले, पण अजान झाल्यावर केळ सोललं. खालांच्या सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मग घाईनं दुसरीकडे पाहिलं. अब्बांनी रोजा ठेवला होता. मी म्हटलं, ''तुम्हीपण मुसाफिर आहात ना?'' ते म्हणाले, ''मला कुठं पळायचंय?''

साडेसहाला सुरुवात झाली. पहिले १० किलोमीटर म्हणजे ५ किलोमीटरचे दोन फेरे. छातीवर नंबर आणि नंबराखाली मोठ्या अक्षरांत नाव. पहिला फेरा संपता संपता पाण्याचं टेबल होतं. कॉलेजातला असावा असा एक मुलगा पेला पुढे करून उभा होता. त्यानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि हात मागे घेतला. ''सॉरी ताई, रोजा असेल ना?'' त्याच्या आवाजात खोच नव्हती, अदबच होती. एरवी अशा अदबीनं मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, ''आज नाही,'' आणि पेला घेतला. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं असतील. पाणी थंड होतं. दोन घोट प्यायले, उरलेलं मानेवर ओतलं.

माझ्या थोडं पुढं दाढीवाले एक चाचा पळत होते, पन्नाशीचे असावेत. त्यांनी पेला घेतला तो सगळा डोक्यावर रिकामा केला, ओठांना लावला नाही. त्यांचा रोजा होता. मी पीत असताना त्यांनी मागे वळून पाहिलं आणि अंगठा उंचावून पुढे गेले. एवढंच.

पहिलं पळणं ५४ मिनिटांत संपलं. सायकलीपाशी आल्यावर एक नियम कडक असतो : हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलीला हात लावायचा नाही. घामानं बोटं निसटत होती, पट्टा दोनदा हुकला. मग रेघेपर्यंत सायकल हातात धरून पळायचं आणि रेघ ओलांडल्यावरच बसायचं. दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायला आमच्या शर्यतीत मनाई होती, १० मीटरचं अंतर ठेवायचं. महागड्या सायकली भुर्रकन निघून जात होत्या. चढाला मात्र त्यातल्या दोन मला पुन्हा भेटल्या. ऊस ट्रॉल्यांच्या रस्त्यावर शिकलेली माणसं मोकळ्या रस्त्यावर फार घाबरत नाहीत. ४० किलोमीटरला एक तास एकतीस मिनिटं लागली आणि बाटलीतलं पाणी संपलं.

शेवटचे ५ किलोमीटर. लाकडाचे पाय आलेच. ऊन चढलं होतं, डांबर तापायला लागलं होतं. टेबलापाशी तोच मुलगा होता. या वेळी त्यानं नाव वाचलं नाही. दोन्ही हातांत दोन पेले धरून चार पावलं माझ्याबरोबर पळाला. मी दोन्ही घेतले.

दोन तास सत्तावन्न मिनिटं, अकरा मुलींत पाचवी. शेवटच्या रेघेपलीकडे लिंबाच्या सावलीत चाचा पाय पसरून बसले होते, चेहरा राखेसारखा झाला होता. इफ्तारला अजून नऊ तासांहून जास्त होते. अब्बा त्यांच्याशेजारी बसून ओल्या टॉवेलानं त्यांना वारा घालत होते. चाचांनी मला वेळ विचारली, मी सांगितली. त्यांची माझ्यापेक्षा चार मिनिटं कमी होती. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना काही विचारलं नाही.

ईदनंतर माझ्याकडे सहा रोजे देणं निघालं. पाच नेहमीचे आणि एक हा. धाकट्या भावानं त्याचं नावच पाडलं, पुण्याचा रोजा. ''आपा, पुण्याचा रोजा कधी?'' असं तो मशिदीच्या दारातसुद्धा ओरडून विचारायचा. मीही चारचौघांत उत्तर द्यायची, पुढच्या सोमवारी. गंमत म्हणजे बाकीच्या पाचांची चौकशी त्यानं कधी केली नाही, आणि ते मीही कुणाला सांगितले नाहीत. अजून तरी.

एप्रिलच्या मध्याला तो रोजा ठेवला. घरात बाकी कुणाचा नव्हता. पहाटे चार वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर दादी आधीच उठून कालची भाकरी दुधात कुस्करत होती. दिवसभर मिरजेत चाळिशीला टेकलेलं ऊन होतं आणि मी कॉलेजात प्रॅक्टिकल केलं. संध्याकाळी अब्बांनी दुकान लवकर बंद केलं आणि येताना हंगाम संपत आल्यामुळं स्वस्त झालेली किलोभर द्राक्षं आणली. दादीनं ती धुऊन ताटात मांडली, मधोमध खजूर ठेवले आणि अजान होईपर्यंत भावाला एकही द्राक्ष उचलू दिलं नाही.