पिवळ्या पाटीची गाडी

मोटार घ्यावी ती मिरवण्यासाठी, असा आपल्या मध्यमवर्गाचा एक गोड समज आहे. पेढे वाटावेत, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि शेजाऱ्यांनी गॅलरीतून पाहावे, एवढ्यासाठी माणूस हप्ते फेडायला तयार होतो. मीही २०२२ साली मोटार घेतली. पण पेढे वाटले नाहीत. कारण ती पिकअप होती. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, हौद्याला कुरकुरणारा फाळका आणि नंबराची पिवळी पाटी. त्यातून आठ वर्षे दुसऱ्याच्या घरी नांदून आलेली!

खरे म्हणजे साठवलेल्या पैशांतून छोटी मोटार घ्यायची, असे आमच्या घरात ठरले होते. हिने तर सीटकव्हरचा रंगही मनाशी पक्का केला होता. एवढ्यात रत्नागिरीहून धाकट्या भावाचा फोन आला. वडिलांमागे आमची हापूसची कलमे तोच सांभाळतो. आंबा परभारे बाजारात जायचा आणि चार दिवसांनी पट्टी यायची. तीत भाडे, हमाली, तोलाई, दलाली वजा जाता जे उरे, ते पाहून भाऊ नुसता हसायचा. तो म्हणाला, "दादा, एक जुनी पिकअप घेऊ या. माल मीच पुण्याला आणीन. माझ्या नावावर आधीच कर्ज आहे. गाडी तुझ्या नावावर राहू दे."

मी हिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "सीटकव्हर काय, पुढच्या वर्षीही मिळतील."

जुनी गाडी पाहायला जाणे हा मुलगी पाहायला जाण्याइतकाच अवघड प्रकार आहे. वरचा रंग पाहून भुलायचे नाही, हे सोबत नेलेल्या मिस्त्रीने पहिल्यांदाच बजावले. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले आणि धूर उसळतो का ते पाहिले. उसळला, तर रिंगा झिजल्या असे समजावे. मग तो खाली शिरला आणि पान्याच्या टोकाने चासी ठोकीत सुटला. "मासळी वाहिलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, सर. बर्फाचं खारट पाणी झिरपून लोखंड आतून खातं," तो खालूनच म्हणाला. आमच्या गाडीने जन्मभर भाजी वाहिली होती. हौद्याच्या फटींतून कांद्याचा पाचोळा निघत होता. बँकेचा बोजा उतरला, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या, आणि मी एका मालवाहू वाहनाचा मालक झालो.

पहिल्याच वर्षी तिने आपला स्वभाव दाखवला. क्लच प्लेट गेली, मागच्या चाकाचे बेअरिंग ओरडू लागले, स्टेपनी गुळगुळीत निघाली. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरसाल पासिंग करावे लागते. त्यासाठी रंगरंगोटीपासून दिव्यांपर्यंत तिची सगळी हौस पुरवावी लागे.

पण तिचा एक गुण मला फार भावला. ही गाडी रिकामी असली की भारी उनाड. मागचे पाटे टनभर ओझ्याच्या हिशेबाने घडवलेले. ओझे नसले की प्रत्येक खड्ड्याला ती उडते, पावसात मागची चाके सरकू पाहतात. भाऊ तर पावसाळ्यात रिकाम्या हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतो. तेच साठ पेट्या चढवा. गाडी अशी शांत चालते, की शेजारच्याला झोप लागावी. काही माणसेही अशीच असतात. अंगावर भार पडल्यावाचून त्यांची चाल स्थिर होत नाही.

अमेरिकेत फोर्डने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी'च्या मागे हौदा बसवून अशी तयार गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी तिथले शेतकरी मोटारीचा मागचा भाग काढून स्वतःच खोके ठोकीत. म्हणजे ही गाडी जन्मली तीच शेतकऱ्याच्या गरजेतून. हे सारे मला ठाऊक होते. तरीही २०२३ च्या मे महिन्यात जे घडायचे ते घडलेच.

भाऊ रात्रभर गाडी चालवून आला होता. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा. सकाळी त्याने गाडी आमच्या सोसायटीच्या आवारात, दोन चकचकीत मोटारींच्या मधे उभी केली. हौद्यातून पेंढ्याच्या काड्या उडत होत्या. सोसायटीचे चिटणीस दूध घेऊन येत होते. त्यांनी नाक किंचित वर करून विचारले, "प्रोफेसर, हा टेम्पो कोणाचा?"

आणि मी, जो वर्गात सत्य आणि सौंदर्य यांवर तास तास बोलतो, पटकन म्हणालो, "आमच्या गावाकडच्या एका माणसाचा आहे. आत्ता निघेल."

मागे वळलो, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर भाऊ उभा होता. खांद्यावर पाच डझनांची पेटी होती. ऐकले होते की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. तो वर गेला, वहिनीच्या हातचा चहा प्याला, पुतण्याच्या डोक्यावर टपली मारली आणि निघून गेला.

२०२४ च्या मे महिन्यात तो आला, तेव्हा आवारात गाडी नव्हती. ती त्याने बाहेर, कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली लावली होती. तिथून तो एकेक पेटी खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणीत होता. मी म्हणालो, "अरे, आत का नाही आणलीस?"

"आत जागा कमी असते, दादा," तो म्हणाला.

आवारात तेव्हा तीन गाड्यांची जागा मोकळी होती.

त्या पेट्यांतला आंबा मला गोड लागला नाही. घराला घरपण द्यायला, आईची शेवटची आजारपणे काढायला, कलमांना पाणी घालायला तो मागे राहिला, म्हणून मी पुण्यात येऊन एम. ए. झालो. माझ्या अंगावरचे ओझे त्याने आपल्या हौद्यात घेतले होते. आणि मी रिकाम्या गाडीसारखा उडत राहिलो होतो.

"तू कधी चालव की," असे तो पूर्वी म्हणे. मालवाहू गाडीला माझे लायसन्स चालत नाही, अशी सबब मी सांगत असे. ती सबबही टिकली नाही. साडेसात टनांपर्यंतच्या अशा गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते कायम केले. माझ्यासारख्यांची पळवाट बुजवायला पाच न्यायाधीश लागले!

२०२५ च्या मे महिन्यात मी स्वतः रत्नागिरीला गेलो. पेट्या चढवल्या, ताडपत्री आवळली. "घाट ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर," एवढेच भावाने सांगितले आणि तो शेजारी बसला. साताऱ्याच्या पुढे त्याला झोप लागली. सकाळी मी गाडी सरळ सोसायटीच्या आवारात आणली आणि त्याच दोन मोटारींच्या मधे उभी केली. चिटणीस दूध घेऊन येतच होते.

"प्रोफेसर, तुम्ही? हा टेम्पो..."

"माझा आहे," मी म्हणालो. "आणि हा माझा भाऊ."

भाऊ डोळे चोळीत खाली उतरला. तो काही बोलला नाही. फाळका उघडून त्याने एक पेटी माझ्या खांद्यावर दिली, दुसरी स्वतः घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत माझा खांदा चांगलाच सोलवटला; पण पाय मात्र एकदाही डगमगला नाही.